निजल्या माणसाचं माप

धुळे, १४ ऑक्टोबर १९३५, सोमवार

शनिवारी सकाळी आमचे कुटुंब शिडीवरून पडले. व्याकरणात ‘कुटुंब’ नपुंसकलिंगी. पण पडली ती बाई, आणि मोडले ते तिच्या उजव्या मांडीचे हाड. माळ्यावरून दिवाळीसाठी पितळेची भांडी काढायची होती. मी खाली शिडी धरून उभा होतो, म्हणजे एका हाताने. दुसऱ्या हातात साप्ताहिकाचा ताजा अंक होता. माझ्या ‘धुळ्याच्या पत्रा’तली एक ओळ जळगावच्या संपादकांनी उडवली होती, आणि ती कोणती हे मला त्याच क्षणी पाहायचे होते. पान उलटायला दुसरा हातही लागला. ओळ सापडली नाही.

हे मी डॉक्टरांना सांगितलेले नाही. तिने तर कोणालाच सांगितलेले नाही. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणते, “पायरीच सडली होती हो.” पायरी शाबूत आहे. मी दोनदा पाहून आलो.

डॉक्टरांनी कमरेपासून टाचेखालपर्यंत लोखंडी चौकट बांधली आहे. पावलाला दोरी, दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली, खाली वाळूची पिशवी. पाय असा ताणून बारा-तेरा आठवडे उताणे निजायचे.

निघताना डॉक्टर मला ओटीवर घेऊन गेले. “शास्त्रीबुवा, हाडाची काळजी मी करतो. तुम्ही पाठीची करा.”

“पाठीला कुठे लागले आहे?”

“अजून नाही. पण अशा निजण्यात माणूस हाडाने जात नाही. पाठीला जखम होते, चिघळते, ताप चढतो, त्याने जातो. रोज अंग पुसायचं, कापड बदलायचं, पाठ कोरडी ठेवायची. आणि हे सगळं करताना पाय मात्र तसूभर हलता कामा नये.”

मी मान डोलावली. अलंकारशास्त्रात असल्या वाक्याला विरोधाभास म्हणतात. घरात काय म्हणतात ते उद्या कळेल.

१५ ऑक्टोबर

कळले. घरात त्याला नऊवारी लुगडे म्हणतात.

भांडी-धुण्याला येणारी शेवंताबाई आणि मी, दोघे मिळून लुगडे बदलायला गेलो. कासोटा सोडायचा तर कंबर उचलावी लागते. कंबर उचलली की चौकट तिरपी होते. नऊ वारांतला प्रत्येक वार आज मी मोजला. सहाव्या वाराला ती ओरडली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. बाळंतपणातही नाही, तेव्हा मी ओटीवर बसून पाठ म्हणत होतो.

डॉक्टरांना पुन्हा बोलावले. त्यांनी पुन्हा पाय ताणला. जाताना म्हणाले, “असं दोनचारदा झालं तर हाड सांधणार नाही.”

शाळेत चौथीला पंचमी विभक्ती शिकवली. भीती ज्याच्यापासून वाटते त्याची पंचमी होते. चोराहून भय, वाघाहून भय. एका मुलाने तिसरे उदाहरण मागितले. मला सुचले नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चार दिवस ती गळ्यापर्यंत चादर ओढून आहे. चादरीखाली चोळी आणि लुगड्याचा एक तुकडा, पदराच्या नावाने. उन्हाचा कहर. बायका भेटायला आल्या की चादर आणखी वर जाते. एकीने विचारले, “थंडी वाजते का अक्का?” ती म्हणाली, “हो, जरा.” घाम कानामागे वाहत होता.

आज शेवंताबाईने मला आत बोलावले आणि चादर बाजूने उचलून दाखवले. माकडहाडावर एक तांबडा डाग. रुपयाएवढा.

“दाबीसन पाह्यं मी,” शेवंताबाई म्हणाली, “लाल तसाच राहस. जास नही.”

डॉक्टर म्हणाले, दवाखान्यातून अशा रोग्यांसाठी पाठीकडून उघडा झगा वापरतात. पुढून हात घालायचे, मागे सगळे उघडे, बंद मानेशी आणि कुशीला बांधायचे. उचलायचे नाही, वळवायचे नाही. काढायचा झाला की बंद सोडून पुढून ओढून घ्यायचा. कमरेखाली त्यालाच जोडून दुहेरी पडदा, चौकटीच्या दोन्ही अंगांनी बांधायचा. “कोणीही शिंपी शिवून देईल.”

डागाच्या शेजारी मी बोट ठेवले होते. बोट अजून तापल्यासारखे वाटते आहे. हे अशास्त्रीय आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

कोणीही शिंपी शिवून देत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गिरधर शिंप्याचे दुकान आहे. बायकांचे काम त्याची आई सुगंधाबाई पाहते. सगळ्या गल्लीच्या चोळ्या तिच्या हातच्या. मी झग्याची आकृती कागदावर काढून नेली होती. तिने कागद उलटा धरून नीट पाहिला आणि म्हणाली, “नमुनाले जुनी चोळी द्या.”

“चोळीवरून कसे होईल? हे खांद्यापासून घोट्यापर्यंत आहे. माप घ्यायला घरी चल.”

“अक्काले बसाडता येस का?”

“नाही. निजूनच असते.”

तिने कात्री खाली ठेवली. “मंग नही.”

“का नाही?”

“निजेल मानूसनं माप एकदाच लेतस, बोवा. आनि ते शिंपी लेत नही, खांदेकरी लेतस.”

मी तिला समजावले की मापाचा आणि मरणाचा कार्यकारणभाव नाही. धूर आणि अग्नी यांचा आहे, कारण तो सर्वत्र दिसतो. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “तुमले बठ्ठं समजस. मंग तुम्हीच ल्या ना माप. खांदापासून घोटापर्यंत लिसन या, मी शिवी देसू.”

गिरधर यंत्रावरून मान न उचलता हसला. मी तिच्या अज्ञानाची कीव करत घरी आलो. वाटेत दोनदा ठेच लागली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

माप घेतले.

दुपारी ती डोळे मिटून होती. जागी असती तर लाजली असती आणि हललीही असती, म्हणून हीच वेळ बरी असे ठरवले. शिंप्याची फीत नव्हती. नवे कोरे जानवे होते. ते उलगडून त्याचा दोरा केला. यज्ञोपवीताचा इतका प्रत्यक्ष उपयोग माझ्या घराण्यात कोणी केला नसेल. खांद्यापासून घोट्यापर्यंत एक गाठ. छातीच्या रुंदीला एक. दंडाला एक. मग वाटले, मोजतोच आहोत तर पुरते मोजावे, अधिकस्य अधिकं फलम्. टाळूपासून टाचेपर्यंत धरला आणि शेवटची गाठ मारली.

टाळूशी दोरा टेकवताना तिची पापणी हलली. स्वप्न पडत असावे.

सुगंधाबाईकडे दोरा पोचवला. कापड मांजरपाट, मऊ पडावे म्हणून दोनदा धुतलेले. ती म्हणाली, आठ दिवस लागतील, दिवाळीची गर्दी आहे.

२४ ऑक्टोबर

सौ.ची प्रकृती मला समजत नाही. डाग वाढलेला नाही, ताप नाही, तरी कालपासून जेवण घास दोन घास. पिठले मी केलेले असते हे कारण पुरेसे आहे. पण दूधही नको म्हणते.

आज एकाएकी लेकीची आठवण काढून म्हणाली, “ताईला शिरपूरला पत्र टाका. येऊन जा म्हणावं.”

“तिला सातवा महिना आहे. बैलगाडीत बसवू का?”

“मग नको.” कानाशी बोट नेऊन: “माझ्या कुड्या तिला द्या. मोत्यांची नथ सूनबाई असती तर तिला दिली असती. ती पण ताईलाच द्या.”

“दिवाळीला देऊ.”

“दिवाळीला,” ती म्हणाली आणि छताकडे पाहत राहिली.

दागिन्यांची आठवण होते म्हणजे माणूस सुधारत आहे, असे मी धरून चाललो आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी आली आणि गेली. पितळेची भांडी अजून माळ्यावर आहेत. शिडी मी मागच्या अंगणात नेऊन भिंतीला आडवी ठेवली आहे.

साप्ताहिकासाठी पत्र लिहून मोठ्याने वाचत होतो, तशी सवय आहे. कपाशीची आवक, पांझरेच्या पुलाची दुरुस्ती, आणि आमच्या गल्लीतले वृद्ध वकील निवर्तले त्यांच्यावर चार ओळी. ती खाटेवरून म्हणाली, “चांगलं लिहिलंत.”

“नेहमी वाईट असतं का?”

“माझ्या वेळी काय लिहाल? ‘आमच्या बातमीदाराच्या पत्नी’ की नाव?”

मी म्हणालो, “संपादक दोन्ही उडवतील. ते ओळीच उडवतात.” ती हसली नाही. पूर्वी अशा वाक्याला हमखास हसत असे. मी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. काहीतरी होते आहे आणि मला त्याचा कर्ता सापडत नाही.

डाग आज अडीच बोटे. मधली कातडी पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

झगा आला. काय सुबक आला आहे! आखूड बाह्या, मानेशी एक बंद, कुशीला दोन, पाठ मोकळी. कुठेही शिवणीची गाठ पाठीखाली येत नाही. सुगंधाबाईने माझी आकृती सुधारली आहे हे कबूल केले पाहिजे.

मी तो खाटेवर पसरून दाखवला आणि त्याचे सविस्तर विवरण केले. ती एकच शब्द बोलली.

“पांढरं?”

“मांजरपाट आहे. अंगाला मऊ.”

“आणि पाठ उघडी.”

“तीच तर युक्ती आहे.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवले. शेवंताबाई अंग पुसायला आली तर म्हणाली, “राहू द्या आता. मला हलवू नका.” शेवंताबाईने झग्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बादली घेऊन निघून गेली. तिचाही चेहरा मला वाचता आला नाही. तेरा दिवस खपून आणलेल्या वस्तूचे हे स्वागत. मी रागावलो, असे वाटले. आता लिहिताना दिसते की मी रागावलेलो नव्हतो.

४ नोव्हेंबर, सोमवार

तीन दिवस. झगा उशाशी घडी घालून पडला आहे. तिचे अंग पुसलेले नाही, पाठ कोणाला पाहू देत नाही. पाणी चमच्याने, तेही मी हट्ट केला तर. सकाळी अंग कढत लागले. डॉक्टरांनी बळेच पाहिले. डागाची कातडी सुटली आहे, दोन आण्यांच्या चवलीएवढी.

ओटीवर ते म्हणाले, “जखम आत्ता वरची आहे. आठ दिवसांत आत जाईल. बाईंनी हाय का खाल्ली आहे?”

मी म्हणालो, “मला माहीत नाही.” इतक्या वर्षांत प्रश्नाला असे साधे उत्तर मी क्वचित दिले असेल.

संध्याकाळी तिला हाक मारली, ‘अहो’, ‘ऐकलं का’, नेहमीची सगळी संबोधने. डोळे उघडेनात. श्वास चालू आहे का ते कळेना. मी घाबरलो आणि तोंडातून निघून गेले, “कुंदे!”

डोळे उघडले.  म्हणाली, “नाव घेतलंत? मग आता काहीच उरलं नाही म्हणायचं.”

आज वर्गात एकवचनाच्या जागी द्विवचन लिहिले. फळ्यावर तसेच राहू दिले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आजचे सगळे लिहितो. अक्षराकडे पाहू नये.

सकाळी झगा घेऊन सुगंधाबाईच्या दुकानी गेलो. म्हणालो, “हा परत घे. ती अंगाला लावत नाही.”

“कामून?”

“मला कसे कळणार? पांढरे म्हणाली, पाठ उघडी म्हणाली, तोंड फिरवले.”

सुगंधाबाईने दोऱ्याची गुंडी काढली, माझे जानवे, तिने ते खुंटीला लावून ठेवले होते. शेवटची गाठ बोटाने चाचपली. “हाई काय शे? मी तं खांदापासून घोटापर्यंत सांगेल व्हतं. हाई लांबलचक कसानं माप?”

“टाळूपासून टाचेपर्यंत. पुरते घेतले.”

“अक्का निजेल व्हती तवय?”

“हो.”

“झोपेल का जागी?”

मी पापणी आठवली.

सुगंधाबाई झगा मांडीवर घेऊन बसली. “बोवा,” ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला, “धवळं कापड. पाठ उघडी, मडाले घालतस तवय अंगरखानी पाठ फाडतस, तशी. नि माप डोकापासून टाचपर्यंत, निजेल बाईनं, नवरानी लियेल. तुम्ही अक्काले झगा नही शिवा. तुम्ही कफन शिवं.”

गिरधरने यंत्र थांबवले. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. कार्यकारणभाव मीच हिला शिकवला होता.

घरी आलो. झगा आणि जानवे हातातच होते. ती तशीच, भिंतीकडे. मी म्हणालो, “त्या दिवशी दुपारी तू जागी होतीस.”

ती भिंतीलाच सांगितल्यासारखे: “डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल. तुम्ही मला नाही सांगितलंत. सांगायचं होतं. मी काय रडले असते? शिडीचंही मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, मनात धरून जाईल. नाही हो धरलं. फक्त पांढरं कशाला आणलंत? सवाष्ण जाते आहे, हिरवं तरी आणायचं होतं.”

मी खूप बोललो. डॉक्टरांचे वाक्य अक्षरशः सांगितले, झग्याची युक्ती सांगितली, न्यायशास्त्र सांगितले. ती म्हणाली, “हो. बरं.” मरणाऱ्याची समजूत काढणाऱ्याला माणूस म्हणतो तसे.

तेव्हा मला दुसरे काही सुचले नाही. मी सदरा काढला आणि तो झगा अंगात घातला. माझ्या पोटाला तो पुरत नाही, बंद कुशीपर्यंत पोचले नाहीत. पाठ उघडी. मग तिच्या खाटेशेजारी फरशीवर उताणा निजलो आणि जानव्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवले.

“हे काय?” ती म्हणाली.

“माझे माप घेतो आहे. टाळूपासून टाचेपर्यंत.”

“अहो, भलतंच काय!”

“मापाने माणूस मरत असेल तर दोघांचे एकदमच होऊ दे. दोऱ्याचे दुसरे टोक माझ्या टाळूला पोचत नाही. हात खाली करून धर जरा.”

हे विनोदाने बोललो असे कोणाला वाटेल. मी खाली पडून आढ्याकडे पाहत होतो आणि मला भीती वाटत होती. नीट, साधी भीती. फरशी पाठीला गार होती. तुळयांची संख्या सात आहे. ती तीन आठवडे ह्याच सात तुळया पाहते आहे. दोरा अंगावरून गेलेला असताना मला वाटले, सुगंधाबाई खरे बोलत असेल तर? पंचेचाळीस वर्षांचे सगळे अध्ययन त्या क्षणी कुठे गेले होते ते मला ठाऊक नाही. पण उठलो नाही.

“उठा,” ती म्हणाली.

“माप होऊ दे.”

“उठा म्हणते ना! शेवंताबाई! अगं शेवंताबाई, ह्यांना उठव!”

शेवंताबाई दारात आली, मला पांढऱ्या वस्त्रात जमिनीवर उताणे पाहिले आणि “ओ माय वं!” करून देवघराकडे पळाली.

मग खाटेवरून हात खाली आला. तीन दिवस चमचा धरत नव्हता तो हात. तिने दोऱ्याचे टोक पकडले आणि असा हिसका दिला की दोरा माझ्या अंगठ्याला कापून गेला. “माझ्या मागं तुम्हाला पिठलं तरी नीट करता येतं का?” ती रडत होती, ओरडत होती. “आधी उठा. ते अंगातलं काढा. काढा ते! आणि घरात पांढरं पुन्हा आणाल तर बघा!”

“मग तू जेवशील?”

“उठा आधी!”

“जेवशील?”

“जेवते! उठा!”

चौकट जराही हलली नव्हती. हे मी उठल्यावर पहिले पाहिले.

दूध भांडेभर प्याली. पिताना माझ्या अंगठ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “हळद लावा.”

६ नोव्हेंबर

पाठ पाहू दिली. शेवंताबाईने पुसली, डॉक्टरांनी मलम लावले. ताप आहेच. डॉक्टर काही बोलले नाहीत. न बोलण्याचे व्याकरण मला येत नाही.

तिने तिचे हिरवे इरकली लुगडे पेटीतून काढायला लावले. “हे फाडा.”

“नवे आहे.”

“मग कधी फाडणार?”

सुगंधाबाईला बोलावणे गेले. ती आली, पण उंबऱ्याच्या आत खाटेपासून चार हात लांब बसली. दोघींचे बोलणे मी ओटीवरून ऐकले.

“पाठ उघडी नको,” आमचे कुटुंब म्हणाले. “कुशी उघड्या ठेव. दोन्ही. पुढचा पाट वेगळा, मागचा वेगळा, मागचा खाटेवर आधीच पसरून ठेवायचा. खांद्यावर बंद.”

“बंद कोन्या अंगले?”

“डाव्या. उजव्या अंगाला चौकट आहे, डावा हात माझा रिकामा असतो. मला सोडता आले पाहिजेत. दरवेळी कोणी माझ्या गाठी सोडायला नको.”

“शास्त्रीबोवांनी उजवीकडे काढेल व्हते.”

“ते कागदावरून खाली माझ्याकडे कधी पाहतात?”

सुगंधाबाई खळखळून हसली. माझी आकृती मी फाडून टाकली. माप तिने चोळीवरून आणि अंदाजावरून धरले. जानव्याचे नावही कोणी काढले नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

हिरवा जोड अंगावर आहे. डाव्या हाताने ती स्वतः बंद सोडते, शेवंताबाई पुढचा पाट उचलते, पुसते, मागचा पाट बाजूने ओढून कोरडा सरकवते. पाय जागच्या जागी. भेटायला बायका आल्या तर चादर कमरेपर्यंतच. एकीने हात लावून विचारले, “हे कुठं शिवलं अक्का?” तिने गिरधरच्या दुकानाचे नाव सांगितले. माझे नाव सांगितले नाही.

ताप मात्र उतरलेला नाही. मी तासातासाने कपाळाला हात लावतो. ती म्हणते, “तुमचाच हात गरम आहे.”

२० नोव्हेंबर

आज ताप नाही. कालही नव्हता; लिहिले तर येईल म्हणून काल लिहिले नाही. अशास्त्रीय.

१६ डिसेंबर, सोमवार

जखम भरली. वरची कातडी गुलाबी, नव्या पानासारखी. डॉक्टर म्हणतात, आता हाड. हाड सांधले आहे की नाही हे चौकट काढल्यावरच कळेल. सांधले नसेल तर पुन्हा बोलू म्हणाले. ‘पुन्हा बोलू’ हे दोन शब्द घेऊन मी शाळेत गेलो आणि घेऊनच परत आलो.

ती चंद्रकळेचा विचार करते आहे. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून तिळगूळ वाटायचा. “उभ्यानं,” म्हणते. मी हो म्हणतो. हो म्हणून दोरीची गाठ पुन्हा तपासतो.

११ जानेवारी १९३६, शनिवार

तेरा आठवडे. चौकट काढली. डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली, तिला टाच उचलायला सांगितली. टाच उचलली गेली, चार बोटे. मी पुन्हा मोजली. पाय काडीसारखा झाला आहे आणि जवळजवळ पाऊण इंच आखूड. हाड सांधले आहे. “दोन दिवसांनी धरून उभं करा,” डॉक्टर म्हणाले, “पण पडू देऊ नका. आता पडल्या तर माझ्याकडे दुसरी चौकट नाही.”

तो त्यांचा विनोद होता. मी हसलो नाही. आता कळले, मी विनोद करतो तेव्हा तिला कसे वाटत असेल.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सुगंधाबाई फीत घेऊन आली. चंद्रकळेचा कासोटा आधीच शिवून ठेवायचा, वर डाव्या कुशीला बंद. म्हणजे वाकावे, फिरावे लागणार नाही. दोन्ही काठ सारखे जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणून दोन्ही पायांचे माप वेगवेगळे.

“आते लेस मी माप,” ती म्हणाली. “उभं राहा अक्का.”

मी काखेत हात घालून उठवले. ती उभी राहिली. तीन महिन्यांनी तिची उंची मला आठवली. माझ्या हनुवटीपर्यंत येते.

“नवा अंक आलाय का?” तिने विचारले.

“आलाय. ओटीवर ठेवलाय.”

“मग दोन्ही हात रिकामे आहेत तर.”

शेवंताबाईला त्यातले काही कळले नाही. सुगंधाबाई गुडघ्यावर बसली, काठाशी फीत लावली आणि वर पाहून म्हणाली, “सोडा त्यासले, बोवा. धरेल मानूसनं माप बरोबर येत नही.”

मी सोडले नाही. मुलाने मागितलेले तिसरे उदाहरण माझ्याजवळ तेव्हा होते. सोडणाऱ्या हाताहून भय.

“सोडा हो,” ती म्हणाली. “मी सांगते ना.”

मी सोडले. ती डुलली, खाटेच्या खांबाला तिने एक बोट टेकवले, मग ते बोटही काढले. सुगंधाबाईने डाव्या कमरेपासून टाचेपर्यंत फीत धरली, मग उजव्या, मग चुकले म्हणून पुन्हा डाव्या. म्हातारीला घाई नव्हती.

“हलू नका अक्का.”

“हलते कुठं? उभी आहे.”

माझे दोन्ही हात तिच्या कमरेपासून चार बोटांवर तसेच धरलेले होते. ते माप कोणी घेतले नाही.